शहापूर-मुरबाडला निवृत्त व्हायचंय? मग जागा पावसाळ्यात नाही, मे महिन्यात बघा!

"आसनगाव स्टेशनपासून फक्त 10 मिनिटं. डोंगराच्या कुशीत एनए प्लॉट. शेवटचे काही शिल्लक!"

फॅमिली ग्रुपवर असा मेसेज आला नाही असं मुंबई-ठाण्यातलं घर शोधून सापडणार नाही. सोबत हिरव्यागार डोंगराचा फोटो, मागे धबधबा आणि पुढे पांढऱ्या चुन्याने आखलेले प्लॉट.

डोंबिवली, ठाणे, मुलुंडमध्ये तीस-पस्तीस वर्षं लोकलला लटकून काढलेल्या माणसाला हा फोटो बघून काय वाटतं, हे वेगळं सांगायला नको. पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे पैसे हातात आलेले असतात. मुलं पुण्यात, बंगळुरूत नाहीतर परदेशात असतात. मग एका रविवारी दोघं जाऊन जागा बघून येतात आणि महिन्याभरात टोकन दिलं जातं.

यात चूक काहीच नाही. शहापूर आणि मुरबाड हे तालुके खरोखरच सुंदर आहेत. माहुलीचा किल्ला, आजोबा पर्वत, गोरखगड, माळशेज घाट हे सगळं इथलंच. मुंबईपासून फार लांबही नाही.

अडचण एवढीच, की बहुतेक लोक जागा निवडतात ती साठाव्या वर्षाच्या तब्येतीवर, आणि त्यांना राहायचं असतं ऐंशीपर्यंत. म्हणून या दोन तालुक्यांत निवृत्तीसाठी जागा बघताना नेमकं काय तपासायचं, ते समजून घेऊ.

आधी भूगोल समजून घ्या

जाहिरातीत सगळंच "मुंबईजवळ" असतं. प्रत्यक्षात इथे किमान तीन वेगवेगळे पट्टे आहेत आणि प्रत्येक ठिकाणचं जगणं वेगळं आहे.

पहिला पट्टा रेल्वेचा. कल्याणहून कसाऱ्याला जाणाऱ्या लाइनवर वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी आणि कसारा ही शहापूर तालुक्यातली स्टेशनं लागतात. शहापूर गावाला स्वतःचं स्टेशन नाही. आसनगावला उतरायचं आणि शेअर रिक्षाने शहापुरात जायचं. आसनगावपर्यंतच्या लोकल त्यातल्या त्यात बऱ्या. तिथून पुढे कसाऱ्याकडे जाणाऱ्या गाड्या कमी होतात. एक चुकली की पुढची कधी, हे पाठ करून ठेवावं लागतं.

दुसरा पट्टा शहापूरच्या आतल्या भागाचा. किन्हवली, शेणवे, डोळखांब हा परिसर शांत आहे, जमीन स्वस्त मिळते, हवा चांगली आहे. पण इथे एसटी, जीप किंवा स्वतःची गाडी यांच्याशिवाय चौथा पर्याय नाही.

तिसरा पट्टा मुरबाडचा. कल्याण ते मुरबाड अंतर तीसेक किलोमीटर. पुढे सरळगाव, टोकावडे करत रस्ता माळशेज घाटाकडे जातो. दुसऱ्या बाजूला म्हसा आणि धसई. मुरबाड गावात बाजारपेठ आहे, एसटीचं आगार आहे, शेजारी एमआयडीसी आहे. रेल्वे मात्र नाही. कल्याण-मुरबाड रेल्वेची चर्चा जुनी आहे आणि मार्गाला मंजुरीही मिळालेली आहे. पण "रेल्वे येणार" या वाक्यावर जमिनीचा भाव वाढतो, म्हाताऱ्या माणसाचा प्रवास सोपा होत नाही. हिशोब आजच्या एसटीवर करा.

समृद्धी महामार्गाचंही तसंच. इगतपुरी ते आमणे हा त्याचा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी सुरू झाला आणि तो शहापूर तालुक्यातूनच जातो. पण महामार्ग जवळून जाणं वेगळं आणि त्यावर चढायला वाट जवळ असणं वेगळं. गावाबाहेरून दिसणाऱ्या रस्त्यावर चढायला दहा-पंधरा किलोमीटर फिरून जावं लागत असेल, तर तुमच्यासाठी तो फक्त देखावा आहे.

पहिला प्रश्न: मे महिन्यात नळाला पाणी असतं का?

या भागातली सगळ्यात विचित्र गोष्ट पाण्याची आहे.

मुंबईला पाणी पुरवणारी तानसा, मोडकसागर आणि भातसा ही धरणं शहापूर तालुक्यातली. तानसा तर 1892 सालचं, इंग्रजांच्या काळातलं. मुंबईच्या पाण्यापैकी जवळपास निम्मं एकट्या भातसातून जातं. आणि याच तालुक्यातल्या कित्येक गावपाड्यांना दर उन्हाळ्यात टँकर लागतो. बाया-बापड्या हंडे घेऊन विहिरीच्या तळाशी उतरलेल्या फोटोंमध्ये शहापूरचं नाव दरवर्षी असतं.

पाऊस कमी पडतो म्हणून असं होत नाही. इथे पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पण जमिनीखाली काळा कातळ आहे. त्यात पाणी फारसं मुरत नाही, उतारावरून वाहून जातं. म्हणून ऑगस्टमध्ये तुडुंब भरलेली बोअरवेल एप्रिलमध्ये कोरडी पडू शकते.

आता जाहिरातीतलं वाक्य आठवा: "चोवीस तास पाणी, स्वतंत्र बोअरवेल." बोअरवेल असेलही. ती मे महिन्यात किती वेळ चालते, हा प्रश्न आहे.

हे तपासायचा सोपा मार्ग म्हणजे एप्रिलच्या शेवटी किंवा मे महिन्यात स्वतः जाणं. शेजारच्या दोन-तीन घरी "बोअर किती फुटांवर लागली आणि उन्हाळ्यात किती मिनिटं चालते?" असं सरळ विचारणं. गावाची नळपाणी योजना कुठल्या विहिरीवर आहे, ती कधी आटते, टँकर येतो का, हे ग्रामपंचायतीत कळतं. एजंटला विचारायचं नाही, कारण त्याच्याकडे उत्तर तयार असतं.

आणखी एक गोष्ट मनात ठेवायला हवी. बाहेरून आलेल्या दहा बंगल्यांनी खोल बोअर मारल्या, बाग फुलवली, पोहायचा तलाव भरला, तर खालच्या पाड्याची विहीर लवकर आटू शकते. जिथे आपल्याला वीस वर्षं शेजारी म्हणून राहायचंय, तिथे पहिल्याच वर्षी पाण्यावरून वैर घेणं परवडत नाही. छतावरचं पाणी साठवायची टाकी घराच्या नकाशातच धरा.

दुसरा प्रश्न: रात्री दोन वाजता छातीत दुखलं तर?

हा प्रश्न नकोसा वाटतो, म्हणूनच तो कोणी विचारत नाही.

शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय आहे, गावोगावी प्राथमिक आरोग्य केंद्रं आहेत. ताप, जुलाब, टाके, इंजेक्शन यासाठी ही व्यवस्था उपयोगी पडते. पण हृदयविकार, पक्षाघात, कंबरेचं हाड मोडणं यासाठी बहुतेकांना कल्याण किंवा ठाणे गाठावं लागतं. कसाऱ्याच्या बाजूचे लोक नाशिकचाही विचार करतात.

पक्षाघातात रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो. हृदयविकारात तर प्रत्येक मिनिट मोजलं जातं. त्यामुळे "जवळ हॉस्पिटल आहे का?" हा प्रश्न अपुरा आहे. विचारायचं ते असं:

- रात्री सुरू असलेला सीटी स्कॅन सगळ्यात जवळ कुठे आहे?
- आयसीयू कुठे आहे?
- 108 क्रमांकाची रुग्णवाहिका या गावात यायला खरोखर किती वेळ लागतो? गावात अलीकडे कोणी बोलावली होती, त्यांनाच विचारा.
- घरापर्यंत रुग्णवाहिका जाईल असा रस्ता आहे का, आणि तो जुलैमध्येही असतो का?

शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा. अनेक प्लॉटिंगमध्ये मुख्य रस्त्यापासून आतला एक-दीड किलोमीटर रस्ता मुरमाचा असतो. जानेवारीत त्यावरून गाडी आरामात जाते. जुलैमध्ये तिथे चिखल असतो किंवा मध्ये ओढा आडवा येतो.

मधुमेह, डायलिसिस किंवा कर्करोगाचे उपचार चालू असतील, तर आतल्या पट्ट्याचा विचार सोडून शहापूर, आसनगाव, वासिंद किंवा मुरबाड गावातच घर बघणं शहाणपणाचं.

आणि हो, साप. हा जंगलाचा प्रदेश आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही विषारी साप या भागात आहेत. घाबरायचं कारण नाही, गावातले लोक पिढ्यानपिढ्या त्यांच्यासोबत राहतात. पण सर्पदंशावरची लस कुठल्या आरोग्य केंद्रात मिळते, हे घर घ्यायच्या आधीच माहीत असायला हवं. काही भागात बिबट्याचाही वावर असतो. रात्री अंगणात दिवा आणि बांधलेल्या कुत्र्यासाठी पिंजरा, या इथल्या सवयी आहेत. त्या शिकून घ्या.

तिसरा प्रश्न: जमीन खरंच विकत घेता येते का?

आयुष्यभराची कमाई बुडते ती बहुधा इथे.

शहापूर हा पूर्ण तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. मुरबाड तालुक्यातली काही गावंही त्यात आहेत. 1985 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ही यादी ठरलेली आहे. इथे पेसा कायदा लागू आहे, म्हणजे ग्रामसभेला नेहमीपेक्षा जास्त अधिकार आहेत. वारली, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी या समाजांची ही भूमी आहे.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ नुसार, 6 जुलै 1974 नंतर आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय देता येत नाही. यात फक्त विक्री येत नाही. बक्षीस, अदलाबदल, गहाण, भाडेपट्टा हे सगळं येतं. विक्रीसाठी तर जिल्हाधिकाऱ्यांना आधी राज्य सरकारची मान्यता घ्यावी लागते. परवानगी नसेल तर व्यवहार रद्द होऊन जमीन मूळ मालकाला परत जाऊ शकते.

हा कायदा उगाच आलेला नाही. सावकाराच्या कर्जापायी आणि कोऱ्या कागदावरच्या अंगठ्यापायी इथल्या आदिवासींच्या जमिनी गेल्या, त्यातून तो आला. त्यामुळे "नोटरी करून घेऊ", "99 वर्षांचा करार करू", "पॉवर ऑफ अटर्नी देतो" असं कोणी म्हणालं, तर तिथून उठून यायचं. तो व्यवहार टिकणार नाही आणि टिकूही नये.

बाकी चार गोष्टी:

एक, शेतजमीन. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन थेट विकत घेता येत नाही. 1948 च्या कूळ कायद्याचं कलम 63 तसं सांगतं. त्यामुळे "नंतर एनए करून देतो" या शब्दावर विसंबू नका. एनए आदेश आधी हातात पाहिजे.

दोन, वन. ठाणे जिल्ह्यात बऱ्याच जमिनींच्या सातबाऱ्यावर वनाची नोंद असते. 1975 च्या खाजगी वन संपादन कायद्यामुळे मालकाचं नाव असलेली जमीनही वनखात्याची ठरू शकते. सातबाऱ्यावरचं "इतर अधिकार" हे सदर एका अक्षरापर्यंत वाचा. कूळ, बँकेचा बोजा, वन, "भोगवटादार वर्ग 2" यातलं काहीही दिसलं तर वकिलाशिवाय पुढे जाऊ नका. जागा तानसा अभयारण्याच्या जवळ असेल तर बांधकामावर आणखी बंधनं असू शकतात.

तीन, तुकडा. 1947 च्या तुकडेबंदी कायद्यामुळे शेतजमिनीचा गुंठा-दोन गुंठ्यांचा तुकडा सहसा स्वतंत्रपणे नावावर होत नाही. मग एकाच सातबाऱ्यावर वीस-पंचवीस अनोळखी नावं चढतात आणि पुढे विकताना सगळ्यांच्या सह्या लागतात. नियमांत अलीकडे काही सवलती आल्या आहेत. त्या आपल्या गटाला लागू आहेत का, हे तहसील कार्यालयातून समजून घ्या.

चार, रेरा. मोठ्या निवासी प्लॉटिंग प्रकल्पांना महारेरा नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक जाहिरातीत असतो, तो महारेराच्या वेबसाइटवर टाकून बघता येतो. "ज्येष्ठांसाठी खास" म्हणून घर विकत असतील तर आणखी बारीक बघा. 2024 मध्ये महारेराने अशा प्रकल्पांसाठी किमान निकष ठरवले आहेत: व्हीलचेअर जाईल असे रुंद दरवाजे, पायऱ्यांऐवजी उतार, लिफ्ट, न घसरणारी फरशी. निसर्गाचा फोटो आणि योगाचा हॉल एवढ्याने ज्येष्ठांचं घर होत नाही.

ग्रामपंचायतीची घरपट्टी भरली म्हणजे बांधकाम कायदेशीर झालं, असा एक गोड गैरसमज आहे. घरपट्टी हा कर आहे. तो मालकीचा किंवा परवानगीचा पुरावा नाही.

चौथा प्रश्न: मंगळवारी रात्री किती दिवे लागतात?

प्लॉटिंगमध्ये शनिवार-रविवारी गाड्या असतात, मुलं असतात, शेगड्या पेटलेल्या असतात. आपल्याला वाटतं, छान वस्ती आहे. मंगळवारी रात्री आठला जाऊन बघा. चाळीस बंगल्यांत दोन दिवे आणि गेटवर एक वॉचमन, असं चित्र असेल तर ती वस्ती नाही. तो वीकेंडचा पत्ता आहे.

दोघं धडधाकट असेपर्यंत ही शांतता हवीहवीशी वाटते. पण दोघांपैकी एक जण आधी जाणार, हे कटू असलं तरी खरं आहे. मागे राहणारी बहुतेक वेळा बायको असते, कारण नवरा वयाने मोठा असतो आणि बायका जास्त जगतात. तिला गाडी चालवता येत नसेल, दुकान तीन किलोमीटरवर असेल आणि हाक मारली तर ऐकायला कोणी नसेल, तर त्याच घराचा तिला तुरुंग होतो.

म्हणून जागा ठरवताना दोघांनी मिळून एकच प्रश्न स्वतःला विचारावा: "यातलं एकच माणूस उरलं, आणि त्याला गाडी चालवता येत नाही, तर ते इथे राहू शकेल का?" उत्तर "हो" असेल तरच पुढे जा.

या कसोटीवर डोंगरातल्या प्लॉटपेक्षा गावातलं किंवा गावाला लागून असलेलं घर बहुतेक वेळा जिंकतं. चालत जाता येईल असं किराणा दुकान, औषधाचं दुकान, देऊळ, वाचनालय, बँक, एसटीचा थांबा. सकाळी दूध टाकायला येणारा माणूस. दोन दिवस दार उघडलं नाही तर चौकशी करणारी शेजारीण. जाहिरातीत यातलं काहीच नसतं.

एसटीचा थांबा तर विशेष बघा. वयाची 75 वर्षं पूर्ण झाली की राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे, 65 ते 75 वयात अर्धं तिकीट आहे, आणि महिलांना सगळ्याच वयात अर्धं तिकीट आहे. दारासमोरून दिवसातून आठ-दहा गाड्या जात असतील तर म्हातारपणी कोणाचं तोंड बघावं लागत नाही.

मग करायचं काय?

सगळ्यात चांगला सल्ला सगळ्यात कंटाळवाणा आहे: आधी वर्षभर भाड्याने राहा.

शहापूर, आसनगाव, वासिंद, मुरबाड इथे फ्लॅट भाड्याने मिळतात आणि भाडं डोंबिवली-ठाण्यापेक्षा कमी असतं. एक पूर्ण वर्ष काढा. मे महिन्याचं ऊन बघा, इथे पारा चाळिशी ओलांडतो, समुद्राचा वारा पोचत नाही. जुलैचा पाऊस बघा, त्यात वीज किती वेळ जाते आणि मोबाइलला रेंज राहते का ते बघा. पावसाळी शनिवार-रविवारी माळशेजच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, तेव्हा मुरबाडहून कल्याणला पोचायला किती वेळ लागतो ते मोजा. म्हशाची जत्रा बघा, आठवडी बाजार करा, डॉक्टरांशी ओळख करून घ्या.

त्या वर्षात शहरातलं घर विकू नका. भाड्याने द्या किंवा बंद ठेवा. परतीची वाट उघडी असली की माणूस शांत डोक्याने ठरवतो. घर विकून सगळा पैसा प्लॉटमध्ये घातला, की चूक कळली तरी कबूल करता येत नाही. विकायला गेलं तर डोंगरातला प्लॉट घ्यायला गिऱ्हाईक पटकन मिळत नाही.

वर्षानंतर कदाचित तुम्हाला कळेल की तुम्हाला इथे राहायचंच आहे. मग कुठल्या गल्लीत, कुठल्या विहिरीजवळ, कुणाच्या शेजारी, हे तुम्हाला एजंटपेक्षा चांगलं माहीत असेल. किंवा कळेल की महिन्यातून चार दिवस पुरे आहेत. तेही उत्तर चांगलंच आहे, आणि ते वर्षभराच्या भाड्यात मिळालं म्हणजे स्वस्तात मिळालं.

तर पुढच्या वेळी ग्रुपवर तो हिरव्या डोंगराचा फोटो आला, की फॉरवर्ड करणाऱ्या काकांना एवढंच विचारा: "काका, हा फोटो कुठल्या महिन्यातला आहे?"

तुमच्या ओळखीत कोणी निवृत्तीनंतर शहापूर-मुरबाडकडे राहायला गेलं आहे का? त्यांचा अनुभव काय, कमेंटमध्ये नक्की सांगा. आणि टोकन द्यायच्या तयारीत असलेल्या कोणापर्यंत तरी हा लेख पोचवा.